मेजरमेंट बुक, पान एकेचाळीस

चोडणच्या खाजनात सिमेंटचा बांध झाला.
लांबी तीनशे दहा मीटर.
टेपचं एक टोक माझ्या हातात,
दुसरं इनासच्या, गुडघाभर चिखलात.

मातीचा होता तेव्हा इनास
भरतीच्या रात्री कंदील घेऊन फिरायचा,
खेकड्यांची बिळं टाचेनं दाबायचा.
चिखल, पेंढा आणि एक शिवी.
आमच्या दरसूचीत याला दर नाही.

तिसऱ्या वर्षी, अमावास्येला, बांध खचला.
कोरगुटात मीठ शिरलं.
मी पुन्हा टेप घेऊन गेलो.
दुरुस्ती: एक कोटी चाळीस लाख.

पणजीत साहेबांनी पडद्यावर आलेख दाखवला.
बांधला तेव्हा रेघ वर गेली,
फुटला, दुरुस्त केला, आणखी वर.
मधली दोन वर्षं, भात उभं होतं तेव्हा,
रेघ जवळजवळ आडवी.
चहा आला. काजूही होते.

इनास आता मानशीवर बसून गळ टाकतो.
शेतात मासे आलेत, म्हणतो,
हेही लिही ना तुझ्या वहीत.

रकाने सगळे भरलेले:
लांबी, रुंदी, खोली, रक्कम.
मी समासात पेन्सिलीनं लिहिलं:
चोणक, नग एक.

ऑडिटच्या आधी खोडायला हवं.