हात टेकेपर्यंत

तांपेरेत, जुन्या सूतगिरणीच्या तळमजल्यावर
माझी खोली आहे. सोळा अंशांवर ठेवतो ती,
घामाने कुणी घसरू नये म्हणून.
आरसा नाही, गाणी नाहीत.
पाच यंत्रं, भिंतीवर एक घड्याळ,
आणि मी, राइमो,
आठवड्याला माणशी बारा मिनिटं विकणारा.

लोक हसतात. बाराच?
मी म्हणतो, बसा तर खरं.

मंगळवारी सात दहाला इर्मेली हापासालो येते.
गुरांची डॉक्टर. बुटांना शेण, फोन खिडकीत पालथा.
"आठ वाजता ओरिवेसीला पोचायचंय."
पोचशील, मी म्हणतो.

आधी पायांचं यंत्र.
दहा सेकंद वर, दहा सेकंद खाली.
झटका द्यायचा नाही, श्वास कोंडायचा नाही,
काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं
चुलीवरून उतरवावं, तसं.
पहिला फेरा सोपा. दुसराही.
तिसऱ्याला कपाळावर आठी.
चौथ्याला मांडीच्या कातडीखाली मासे पळू लागतात.
पाचव्याला चेहऱ्यावर बारा वाजलेले
आणि घड्याळात फक्त सात बारा.

सहाव्याला वजन अर्ध्यावर अडतं.
बाकी सगळीकडे माणसं इथेच हात टेकतात.
माझ्याकडे इथून सुरू होतं.
ढकल, मी म्हणतो.
हलणार नाही हे तुलाही ठाऊक, मलाही.
तरी ढकल. दहा. नऊ. आठ.
ती तिच्या सावोच्या बोलीत शिव्या घालते,
ऐसपैस, खेडवळ शिव्या,
त्यांत सैतान येतो, माझी आजीही येते.
मी आकडे म्हणत राहतो.
आयुष्यात एवढंच एक बरं जमलं मला:
समोरचं माणूस हरत असताना
घाई न करता मोजणं.

ती का येते, हे तिने एकदाच सांगितलं,
मोजा शोधता शोधता.
उणे सत्तावीसची रात्र, गोठा,
गाय अडलेली, वासराचे पाय दोरीत,
आणि हिच्या हातांतून दोरी सुटली. दोनदा.
शेवटी घरच्या सतरा वर्षांच्या पोराने ओढलं.
वासरू जगलं.
"तो मला 'दमलात का' म्हणाला," ती म्हणाली,
आणि मोजा सापडला.

नंतरचे सहा दिवस काही करायचं नाही.
हे मात्र कुणाला झेपत नाही.
वजन उचलतील, पण स्वस्थ बसा म्हटलं की
गुरुवारी दार वाजवतात, चोरासारखे.
मी परत पाठवतो.
इथे फक्त मोडतं, त्यांना सांगतो,
जुळतं ते घरी, झोपेत,
राईच्या पावावर लोणी लावताना, बायकोशी भांडताना.
थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात; साचत असेल.
काही तळी मात्र एकदाच तळापासून ढवळायची
आणि आठवडाभर काठाकडे फिरकायचं नाही.

या मंगळवारी ती आली नाही.
सात दहा, सात पंधरा.
मी स्वतःच यंत्रात बसलो. एकाहत्तर पूर्ण झालीत मला.
वर जाताना आकडे मनात म्हटले
आणि लक्षात आलं, मी लबाडी करतोय,
आठानंतर थेट दहा.

सव्वानऊला ती दारात.
एक बाही खांद्यापर्यंत ओली, केसांत गवताची काडी.
"जुळी होती. दुसरं उलटं.
तास लागला. दोन्ही उभी आहेत."
हात वर करून दाखवायला गेली,
हात खांद्याच्या पुढे जाईना.
आम्ही दोघंही त्या हाताकडे बघत राहिलो.

"आजचं झालं ना मग?"
झालं, म्हटलं. सात दिवस इकडे येऊ नकोस.

तिच्या कार्डावर तारीख घातली.
वजनाच्या रकान्यात लिहिलं: वासरं, दोन.
फेऱ्यांचा रकाना कोरा सोडला,
मोजायला मी तिथे नव्हतो.

पैसे मात्र घेतले.