सकाळपुरतं

उणे एकतीस. गॅरेजचं दार खालच्या कडेला गोठलेलं,
लाथ खाऊन उघडलं.
दुल्माआची प्रियस आत ढकलली आम्ही,
मी आणि ओचिर मागून, ती स्टिअरिंगशी.
"आठवड्यात तिसऱ्यांदा मेली," म्हणाली.

भाच्यानं कॅमेरा जोडून दिलेला, फुकटात.
बघितलं तर एकच तार, थेट जिवंत फ्यूजवर,
वर टेपचं गाठोडं, दुखऱ्या बोटावरच्या चिंधीसारखं.
कॅमेरा रात्रभर जागतो
आणि पहाटे बॅटरी मान टाकते.

चार्जर लावून चहा होईतो थांबलो.
मिठाचा चहा, वर साय.
मग गाडीला शुद्ध आली, आणि आल्याआल्या
तिनं जपानीत काहीतरी बजावलं.
बारा वर्षं बजावतेय. सगळ्या उलानबातरमध्ये
कुणी उत्तर दिलेलं नाही.
"कार्ड घातलेलं नाही म्हणते," ओचिर म्हणाला.
"कुठलं?"
"ते नाही सांगत."

आता नीट ऐक, मी ओचिरला म्हटलं
(तो ऐकत नाही, पण त्याचे हात ऐकतात):
पिवळी तार कधी झोपत नाही.
लाल गाडीबरोबर उठते, गाडीबरोबर निजते.
काळीला काम नाही, नुसतं परत जायचं,
पण तिच्यासाठी बोल्टखालचा रंग खरवड,
उघडं लोखंड लागू दे.
रंगावर बसलेली काळी दिवसा बरी वागते,
रात्री दगा देते.

टेस्टर लावत गेलो. हा फ्यूज सिगारेटचा,
हा आतल्या दिव्याचा,
हा कशाचा, आकाशाला ठाऊक.
खांबावरचं प्लास्टिक थंडीनं बिस्किटासारखं झालेलं;
हेअर ड्रायर मारून मऊ केलं, मगच ओढलं.
तार एअरबॅगच्या मागून. पुढून कधीच नाही.
वर छताच्या कडेत नखानं खोचत खोचत
आरशापर्यंत.

आरशाला निळा खादाग,
कॅमेऱ्याच्या बरोबर तोंडावर.
"हा जरा सोडू?"
"नको."
इतक्या पटकन आलं की ओचिरनंही मान वर केली.
"ज्यानं बांधला त्यानं सोडावा."
मी कॅमेरा दोन बोटं डावीकडे चिकटवला.
तरी चित्राच्या कडेला थोडं निळं हलत राहणारच.

चालतोय का बघायला जुनी फाइल उघडली.
पहाटे तीन वाजून सात मिनिटं.
सगळा काळोख, काचेवर बर्फ.
मग एक बाही. बाहीएवढी खिडकी,
खिडकीत कोळशाच्या धुरातला पिवळा दिवा,
लांब कोट, मग हनुवटी.
माणूस सगळी काच पुसत होता, सावकाश,
वायपर उचलून त्याखालचंसुद्धा.
मग त्यानं वर बघितलं, तिसऱ्या-चौथ्या मजल्याकडे,
बराच वेळ.
मग चित्राबाहेर.

मी फाइल बंद केली.
दुल्माआ कपातली साय फुंकरीनं बाजूला सारत होती.

कटऑफचं बटण तांदळाएवढं.
"बॅटरी इतकी उतरली की कॅमेरा आपोआप बंद.
बारा पॉइंट चारवर ठेवतो. सकाळी गाडी निघेल."
"सगळ्यात कमी?"
"अकरा पॉइंट आठ. मग हॉस्पिटलला चालत जाशील."
"तू म्हणतोस तिथं ठेवलं, तर किती वाजेपर्यंत जागेल?"
"थंडीवर आहे. दोन. अडीच."

ती काही बोलली नाही.
टूथपिकनं मी मधला आकडा दाबला,
बारा पॉइंट शून्य,
जो या महिन्यात कुणालाच दाबून दिलेला नाही,
आणि मागे डिकीत बॅटरीभोवती
आमच्या जुन्या गेरच्या नमद्याचा तुकडा गुंडाळला.
बिलात धरला नाही. ओचिरनं विचारलं, तर म्हटलं, विसरलो.

"तीनपर्यंत?"
"सव्वातीन. वारा नसला तर."

तिनं बटण दाबलं. गाडीनं पुन्हा तेच बजावलं.
"हो गं बाई," दुल्माआ तिला म्हणाली, "नाहीये कार्ड,"
आणि रिव्हर्स टाकला.