दुखलं तर हात वर करा

देवळाली कॅम्पात, लाम रोडच्या मागे,
पिवळ्या बैठ्या घरात दातवाल्या गेर्टाबाई राहायच्या.
आडनाव कुणाला म्हणता येत नव्हतं,
पाटीवर होतं, अर्धं गंजलेलं.

मी सातपूरच्या कारखान्यात टूलरूमला शिकाऊ.
चौऱ्याहत्तर साल. फोस साहेबांची दाढ ठणकत होती
आणि मला जर्मनचे तीनशे शब्द यायचे,
त्यातले अडीचशे स्क्रूचे नि मापांचे.
म्हणून जीपमध्ये मला बसवलं.

बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले.
डाव्या हातावर निळे आकडे. मला वाटलं गोंदण.
माझ्या मावशीच्या हातावर तुळस होती.
साहेबांनी आकडे वाचले
आणि खुर्चीत बसले ते रिजेक्ट मालासारखे.

बाईंना जर्मन येत होतं, हे मला फार नंतर कळलं.
त्या दिवशी त्या माझ्याशीच बोलल्या,
भाजीवालीकडून उचललेल्या मराठीत:
"याला विचार, जन्मसाल?"
एकोणतीस.
बाईंनी कार्डावर काहीतरी वजा केलं.
सोळा आलं. खाली रेघ मारली.

"सांग त्याला, दुखलं तर हात वर करायचा."
मी सांगितलं.
साहेबांनी उजवा हात मांडीखाली घेतला
आणि त्यावर बसले.

लाइट गेली. मी टॉर्च धरला.
मुळं वाकडी होती, भूल अर्धीच चढलेली.
कॉलर घामानं भिजली.
हात निघाला नाही.

मधेच तोफखान्याचा सराव सुरू झाला,
कपाटातल्या बाटल्या किणकिणल्या.
दोघं एकदमच दचकले,
साहेब खालून, बाई वरून.
मी नाही. आमच्याकडे त्या आवाजात
पाळण्यातली पोरं झोपतात.

दाढेवर सोन्याचं टोपण होतं.
बाईंनी ते धुतलं, पुसलं,
औषधाच्या तराजूत तोललं, पाकिटात घातलं.
मग पावती लिहिली:
सोनं, एक पूर्णांक नऊ ग्रॅम. ज्याचं त्याला परत.
"सही घे."
ड्रॉइंगवर साहेबांची सही म्हणजे एका झटक्यात रेघ.
इथे अक्षर अक्षर काढलं,
शाळेतल्या पोरासारखं.

त्र्यंबक नाक्यापर्यंत ते गप्प होते.
मग तोंडातला कापूस काढून एक वाक्य बोलले,
लांबलचक, क्रियापद पार शेवटी.
माझ्या तीनशेतले दोनच शब्द त्यात सापडले:
'मी' आणि 'मोजले'.
काय मोजले, ते मधे कुठेतरी राहिलं.

साहेब परत गेले. घर, सफरचंदाची झाडं, नातवंडं,
दर नाताळला टूलरूमच्या नावे एक कार्ड.
बाईंमागे दोन मांजरं राहिली
आणि बेकरीची सव्वीस रुपये उधारी.

कंपाउंडरनं रद्दी काढली तेव्हा
तारेत ओवलेल्या पावत्या निघाल्या,
पारशांच्या, सिंध्यांच्या, कॅम्पातल्या सुभेदारांच्या.
गुंजभर का असेना,
ज्याचं त्याला परत.
तार खालपर्यंत गंजलेली.
फोस साहेबांची पावती मी शोधली.
ती तेवढी
तारेत नव्हती.