तपासणी, पाबियानित्से

अकरा चाळीसला मी दारात. ओळखपत्र, फाइल, थर्मामीटर.
सूप किती अंशांवर वाढतात ते मोजायला सरकारने दिलाय.
एकसष्ट. उत्तम.
दारांची रुंदी, खाट जाईल एवढी.
घंटा दाबल्यापासून चपलांचा आवाज येईपर्यंत
चार मिनिटं वीस सेकंद. दिवसाचं. रात्रीचं कोणी मोजत नाही.
व्येझ्बित्स्काबाई पुढे पुढे, दिवे लावत,
भिंतींचा नवा पिवळा रंग दाखवत,
लेकीच्या सासरच्यांना घर दाखवावं तशा.

जेवणघरात खिडकीपाशी गेनोवेफा,
पार पलीकडे, बशांच्या गाडीजवळ, पेलागिया.
दोघींचे ओठ हलताहेत. आवाज नाही.
"दिवसभर असंच," बाई हळूच म्हणाल्या,
"काही उरलं नाही हो डोक्यात."
नोंदवहीत तेच, नेटक्या अक्षरात:
निरर्थक ओठ हलवते. अस्वस्थ. संध्याकाळची गोळी दीड करावी.

सहीसाठी पेन उघडलं
आणि मी वाचलं,
वहीतलं नव्हे.
गेनोवेफा म्हणत होती, हिरव्या कोटातली बघ, मोजा उसवलाय टाचेपाशी.
पेलागिया म्हणाली, सरकारी माणूस. पगार कुठे पुरतोय.
दोघी हसल्या. हसू तेवढं ऐकू आलं.

तीनशे माग एकदम धडधडतात
तिथे गळ्याचं काम नसतं, आई सांगायची.
पहिल्या आठवड्यात ओरडून घसा बसतो,
दुसऱ्यात बाई शहाणी होते.
शब्द ओठांवर ताणून धरायचा, उभ्या धाग्यासारखा,
पलीकडची डोळ्यांनी विणून घेते.
कुणाला दिवस गेलेत, कुणाचा नवरा पिऊन आला,
मुकादम कुठल्या रांगेत आहे.
सगळं खातं बोलत असायचं
आणि मुकादमाला वाटे, काम चाललंय.
घरीही ती तशीच रागवायची, बाबा रात्रपाळी करून झोपलेले असताना.
त्या बिनआवाजाच्या शिव्या मला अजून पाठ आहेत.

मी खिडकीपाशी गेले. ओठांनीच म्हणाले,
सकाळी उसवला. ट्रामच्या पायरीला अडकून.

चमचा थांबला.
गेनोवेफाने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.
कुणाची गं तू?
लेओकाद्याची. तिसरं खातं, भिंतीकडची रांग.
लाल रुमालवाली? आहे?
नाही.

मग दोघी एकदम सुटल्या, मान कुठे कुठे फिरवू:
घंटेची दोरी डाव्या अंगाला, आणि हिचा डावा हात दोन वर्षं पडलाय.
आंघोळ घालणारी पोर गुणी आहे, ल्वीवकडची,
पण मागे उभी राहून बोलते,
पाणी अंगावर आल्यावर कळतं की येणार होतं.
सूप गरमच असतं. भरवणारी एक, तोंडं अकरा.
अकराव्या तोंडाला लाव तुझा थर्मामीटर.
चार नंबरची रात्रभर मुलाला हाका मारते म्हणे, मुलगा आयर्लंडात.
आम्हाला ऐकू येत नाही, आमचं बरं आहे.
आणि त्या गोळीने ओठ जड होतात.
शब्द तुटतो मधेच.
तुटला की गाठ मारायला कोण बसलंय?

व्येझ्बित्स्काबाई दारात आल्या, हात पुसत.
"शांत असतात सगळ्या, नाही का?"

चारलाच अंधार, डिसेंबरचा. फॉर्म मांडीवर.
गोळीच्या ओळीवर मी आडवी रेघ मारलीय,
तो अधिकार मला नाही, परत पाठवतील.

आई शेवटच्या हिवाळ्यात, असल्याच एका घरात,
फोन कानाला लावून गप्प बसायची.
मी इकडून, आई, बोल ना. ऐकू येतंय का? बोल काहीतरी.
नर्स म्हणायची, आज मूड नाही आजींचा.
दर रविवारी, सहा-सात मिनिटं.

ट्रामच्या काचेत माझं तोंड दिसत होतं.
समोरच्या पोराने माझ्या ओठांकडे पाहिलं
आणि उठून दुसरीकडे जाऊन बसला.