सोल

पोट्टीनं शहराचं नाव सांगतलं
तं दळनाच्या रांगंतली गोदाबाई इंगोले म्हने,
"सोल? काय सोलते थे तिथं?"
म्या म्हटलं, शिकते. बॅटरीचं शिकते.
"बॅटरीचं तं दारव्ह्याले बी शिकवते."

आता दीड वर्स झालं.
अन् खरंच सोलते ना माह्यी मोनाली,
शनवार-रईवार एका खानावळीत लसून सोलते,
चार तास, हातमोजे घालून.
म्हने बाबा, लसून इथचा मोठ्ठा, पन वासाले पोचट.
हे गोदाबाईले सांगतलं नाई.
थिले वाटंन, एवढ्यासाठी इमानात बसली का?

चक्की सकाळी सात ते अकरा, लाइन असली तं.
तिथं तवा दुपार होऊन रायते.
थिचा आवाज रेकॉर्ड होऊन येते मोबाइलवर,
मी थो पिठाच्या डब्ब्यावर ठेवतो
अन् जवारी दळून होईलोक सगळे आयकते.

आयकलं का, घरमालकिनीनं थिले कचऱ्यावरून झापलं.
केळाचं साल एका थैलीत, हाडूक दुसऱ्या,
अन् कांद्याचं साल हाडकाच्या थैलीत!
"कांद्याले हाडं असते काय?" नामदेव भगत तापला.
गावात दोन दिवस हेच चाललं.

आयकलं का, जमिनीखालची गाडी गोल फिरते.
परीक्षेच्या रातीचं जागरन, थिचा डोळा लागला,
उठली तं ज्या ठेसनावर बसली थ्याच ठेसनावर.
दीड तास. एकाच तिकिटात.
सुभान तेली म्हने, "आमच्या घान्याचा बैल असाच फिरे.
पन थ्याच्या डोळ्याले तरी पट्टी राये."

आयकलं का, बसथांब्यावर छत्री विसरली,
तिसऱ्या दिवशी तिथंच,
कोनीतरी घडी करून बांधून ठेवलेली.
हे मातर कोनालेच पटलं नाई.

एक रेकॉर्ड म्या डब्ब्यावर ठेवलं नाई.
थिच्यात थे म्हने, बाबा, ताप हाये,
भात टाकला, कच्चा रायला, तसाच खाल्ला.
मंग बराच वेळ नुसतं भांड्याचं वाजनं.

दिवाळी होऊन पंधरा रोज झाले असन,
ऐन दळनाच्या टाइमात थिचा फोन, व्हिडिओचा.
शिंकत व्हती.
"बाबा, बाजारातून चालली होती, एकदम ठसका लागला,
तुमच्या शर्टाचा वास आला.
वासामागं वासामागं गेली. पाहा."
पाह्यतो तं मिरचीचं कांडप!
पट्टा, हॉपर, पोत्यावर पोतं,
अन् मंधात एक बुढा,
भुवयांवर माह्यासारखीच भुकटी, फक्त लाल.

थ्याले माह्यी भाषा येत नाई, मले थ्याची.
थ्यानं पट्ट्याकडं बोट केलं.
म्या माहा पट्टा जवळून दाखवला, चार जागी शिवलेला.
थ्यानं थ्याचा दाखवला. पाच जागी.
मंग मोटरीवर थाप मारून भुवया उचलल्या.
म्या समजलो. दहा बोटं दाखवली.
थ्यानं दहा, अन् वरून पाच.
मांगून गोदाबाई: "जास्त सांगून रायला बुढा."
मंग थ्यानं चिमूट दोन बोटांत चोळली,
हे कोन्याही चक्कीवाल्याले समजते,
बारीक का जाडं?
म्या तोंड उघडलं
अन् लाइन गेली.

पट्टा फटक फटक करत थांबला.
अंधारात मोबाइल तेवढा उजेडाचा,
त्याच्यात थिचं तोंड, नाकाले पानी.
"बाबा? दिसत नाही. आजोबा विचारतात, काय झालं?"
सांग थ्याईले, लोडशेडिंग.
थे थांबली. डोकं खाजवलं.
"बाबा, याईच्यात त्याले शब्दच नाही वाटते."

गोदाबाईनं अर्धं दळलेलं टोपलं डोक्यावर घेतलं.
"मंग शिकव म्हना थ्याईले एक," थे म्हने,
"नुसतं सोलतच बसली काय."