डाव्या कोपऱ्यातला डोंगर

बंगल्याच्या लिलावातून आलेलं हे चित्र
तीन आठवडे माझ्या टेबलावर उताणं पडलंय.
अडीचशे वर्षांपूर्वीची तीन भावंडं, परमुलखातली,
नावं पाठीमागच्या चिठ्ठीसकट वाळवीने खाल्लेली.
थोरलीचा हात मधल्याच्या खांद्यावर,
धाकटा कुत्र्याचा कान धरून.
पायांपुढे तळं. मागे झाडं,
त्यांना मराठीत काय म्हणतात कोण जाणे.
आणि आजारी माणसाच्या डोळ्यांसारखं पिवळं आभाळ,
ते आभाळ नव्हेच, जुनं वार्निश.

काडीला कापूस गुंडाळते.
एका बोळ्याला नखाएवढी जागा.
आधी मधल्याचा गाल उजळला,
मग थोरलीच्या बाहीची लेस.
वाटीत बोळे साठत गेले, चहाच्या रंगाचे.

डाव्या कोपऱ्यात हात थांबला.
इथला रंग कोवळा. काल-परवाचा म्हणावा असा.
कुठल्यातरी पावसाळ्यात ओल आली असणार,
कुणीतरी कोपरा भरून काढलाय.
दूर एक डोंगर, माथा सपाट,
एका अंगाला उतरत गेलेला.
आमच्या गच्चीवरून दिसतो तसाच्या तसा
पन्हाळा.

आणि त्या हिरव्यात चिमूटभर काव.
अशी काव एकच माणूस घालायचा,
टॉकीजचे बोर्ड रंगवणारे हिंदुराव पेंटर,
उभा मारुती चौक.
आमचे अण्णा.

दौलतदादा भिंतीपलीकडे राहतो.
भिंत घातली त्याला नऊ वर्षं झाली.
मी फोन केला.
पलीकडे वाजलेला इकडे ऐकू आला.

"अण्णांनी कधी बंगल्यावर काम केलं होतं?"
"केलतं की. डबा मीच न्यायचो. तू पाळण्यात."
मग बराच वेळ नुसता त्याचा पंखा.
"तळ्याच्या काठाला गवत काढलं त्यांनी.
म्हणाले, पोरांचे पाय भिजतील.
हाय का गं अजून?"

समोर फॉर्म. रकाना सातवा :
नंतरची भर, काढावी की ठेवावी.
पेन उघडंच.

धाकट्याच्या बुटांपाशी अजून वार्निश जाड आहे,
तिथवर मी पोचलेच नाही.

"बघतो," म्हटलं मी,
लहानपणी म्हणायचे तसं.
फोन त्यानेही ठेवला नाही.
मी नवी काडी घेतली.