पडवळाचं माप

नळ येतो आठव्या दिवशी.
डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी म्हणून
मोरीत जात नाही आमच्या;
गोदा ते बादलीत धरते अन् ओरडते,
"घ्या, तुमच्या गिऱ्हाइकांचं!"

दुकानामागं दीड खाटेएवढी जागा.
चुका, चार वांगी,
अन् जुन्या लुगड्याच्या काठाला धरून
वर गेलेला पडवळाचा वेल.

सेलूत तेहतीस वर्षं माणसांची मापं घेतली.
टेप लावली की पोट आत ओढतात सगळे.
पडवळ नाही ओढत.
काल सतरा इंच होतं,
आज एकोणीसला टेकलंय.
शेंडा वाकडा चालला तर
दोऱ्यानं दोन बॉबिनी लटकवतो खाली.

काळी माती नखातून निघत नाही.
परवा मुनीर गुरुजींच्या पांढऱ्या सदऱ्यावर
अख्खा अंगठा उमटला.
ते म्हणाले, राहू द्या,
दोन वांगी द्या बदल्यात.
दिली.
मोठी नाही दिली.

एक पडवळ मात्र
बॉबिनींना जुमानलंच नाही.
स्वतःभोवतीच वेटोळं घालून बसलंय,
टेप कुठून धरावी कळत नाही.
गोदा म्हणाली, तोडा, भाजी तरी होईल.

नाही तोडलं.
बियाला ठेवलंय.